केवे जिवंत आहे, घोड्याला हात लावू नका

लेख नदीच्या काठचा मठ,
संत मार्टिनचा सण झाल्यावर

ताई,

हे पत्र आहे. घाबरू नकोस, चावत नाही. आपल्या तळावर मोरावियाहून पकडून आणलेला तो राडिम पाद्री मेंढ्या राखतो ना, त्याच्यासमोर धर, तो वाचून दाखवेल. इकडे माझ्या तोंडचं एगिनो नावाचा साधू लिहून घेतोय. त्याला लहानपणी आपल्याच लोकांनी उचलून तिसा नदीकाठी आणलं होतं. घोड्यांची लीद काढता काढता आपली भाषा शिकला आणि मग एके दिवशी पळाला. मनात राग नाही म्हणतो, पण मी सांगतो त्यातलं निम्मंच लिहितो असा मला संशय आहे.

तर मी मजेत आहे. दाजींनी तुला काय सांगितलं असेल ते असो, खरं असं झालं. एका गावाबाहेर चिलखतवाले आडवे आले. आपण नेहमीसारखं घाबरल्याचं सोंग केलं आणि पळत सुटलो. मी सगळ्यांत मागे, कारण घाबरल्याचं सोंग मला फार छान जमतं, हे तूच सांगत असतेस. शिंग वाजेपर्यंत मागे बघायचं नाही हा नियम तुला ठाऊक आहेच. नेमका शिंग वाजायच्या थोडं आधी माझा तो नवा लाल घोडा एका चरात कोसळला, आणि मी त्याच्याखाली. शिंग वाजलं, आपले वळले, बाण सुटले, चिलखतवाल्यांनी खरोखर पळ काढला, आपले त्यांच्यामागे गेले. इतकी सुंदर फसवी माघार, आणि मी ती चरातून आडवा पडून पाहिली.

देरेश असता तर त्याने तो चर लांबूनच पाहिला असता. त्याच्या खुराला गळू झालं म्हणून त्याला तुझ्याकडे ठेवून या लाल गाढवावर बसलो, तिथेच चुकलं. खूर बरा झाला का? थंडीत त्याला जव जास्त घाल, आणि पाठीवर नमदा टाक. कान खाजवलेस तर तो डोळे मिटतो, ते त्याला आवडतं म्हणून. झोप आली म्हणून नाही.

इथले साधू मला पाहुण्यासारखं ठेवतात. डोकं मध्ये भादरतात, गातात फार, आणि रोज वाटाणे खातात. पाय जरा दुखावलाय. बरा झाला की निघतो.

तुझा,
केवे

बाई, हे मी एगिनो माझ्या मनाने लिहितो. पाय जरा दुखावलेला नाही, दोन ठिकाणी मोडला आहे. तापात तो देरेश, देरेश म्हणत होता. आम्हाला वाटलं बायकोचं नाव असेल.


तिसाकाठ,
पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात

केवे, मेल्या,

शिवी म्हणून म्हणतेय. बातमी म्हणून तर इथे सगळेच म्हणताहेत.

तुझे दाजी परत आले ते थेट ओपोर काकांच्या तंबूसमोर उभे राहिले, तलवारीवर हात ठेवला आणि सगळ्या तळासमोर शपथेवर सांगितलं की केवे घोड्याखाली मेलेला मी डोळ्यांनी पाहिला. मी गाल ओरबाडून घेतले. ओरखडे अजून आहेत, त्याचं काय ते तू आल्यावर बघू. मग मीठवाला तुझं पत्र घेऊन आला. राडिमने वाचलं आणि मी चुलीपुढून उठून धावतच काकांकडे गेले.

काका म्हणाले, "मेलेला माणूस पत्र पाठवतो का?"

म्हटलं, "नाही पाठवत. म्हणून तर तो मेलेला नाही."

"शपथ घेतलेल्या नवऱ्यापेक्षा तुझा या कातड्यावरच्या मुंग्यांवर जास्त विश्वास?"

"बेशेंनी घोड्याखालचा माणूस पाहिला. नाडी नाही पाहिली."

दाजी तिथेच उभे होते, पायाने बर्फ उकरत. घरी आल्यावर मला म्हणाले, "नेश्ते, मला तसंच दिसलं गं. आता शपथ घेऊन बसलोय, ती गिळता येत नाही." भले गृहस्थ आहेत, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि घोडं पेंड खातंय ते इथे, तेही तुझंच. तू गेलास म्हटल्यावर तुझा घोडा तुझ्यामागे पाठवायला हवा. इथे उरलेला तुझा घोडा एकच. काकांनी ठरवलंय की देरेशला कापायचं, मांस उत्तरकार्याच्या जेवणाला, आणि डोकं, पाय, कातडं तुझ्या नावाने पुरायचं. जमीन दगडासारखी गोठलीय, कुदळ चालत नाही, म्हणून थांबलेत. बर्फ वितळलं की खड्डा खणायचा. तोवर त्याला मी जव घालतेय. काकाही घालतात, पण ते चांगला दिसावा म्हणून.

काका दुष्ट नाहीत रे. त्यांचा वारो लोम्बार्डीच्या स्वारीतून परत आला नाही, तेव्हा त्यांनी घोडा पुरू दिला नाही, येईल येईल म्हणत वाट बघत राहिले. घोडा म्हातारा होऊन कुरणातच गेला. आता त्यांना वाटतं, पोरगा त्या जगात पायी चालतोय. तुझं तसं होऊ द्यायचं नाही म्हणून इतकी घाई. त्यांच्याशी भांडायला तोंड उघडलं की हेच आठवतं आणि मी उठून देरेशकडे जाते.

काहीतरी पुरावा पाठव. काकांना हातात धरता येईल असा.

नेश्ते

ता. क. हे वाचून दाखवल्यावर बाई उठून गेल्या, म्हणून राडिम हे स्वतः लिहितो. एगिनो महाराज, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. इथे मेंढ्यांशिवाय कुणाशी लॅटिन बोलता येत नाही.


मठ,
नाताळच्या आधी

ताई,

हात लावू नका. घोड्याला कुणीही हात लावू नका. हे वाक्य राडिमला मोठ्याने, तळाच्या मध्यभागी उभं राहून वाचायला सांग.

पुरावा सोबत आहे. माझ्या तिन्ही वेण्या कापून पाठवतोय. त्यात तूच गुंफलेली लाल दोरी आहे, तुझीच गाठ आहे, ती दुसऱ्या कुणाला येत नाही. वेण्या म्हणजे माणसाची अब्रू, आणि मी ती स्वतःच्या हाताने कापली. काकांना म्हणावं, आता तरी माना. आरसा नाही इथे, पण एगिनो हसला त्यावरून कसा दिसत असेन ते कळलं.

दाजींना सांग, मी रागावलेलो नाही. त्यांच्या जागी मीही तीच शपथ घेतली असती, आणि त्यांच्यापेक्षा जास्त रंगवून घेतली असती.

देरेशला सांग, थांब.

केवे

बाई, इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, ती तो लिहू देत नाही. त्याच्या खोलीला बाहेरून कडी असते. — एगिनो


तिसाकाठ,
नदीवरून गाड्या जाताहेत इतकं गोठलंय

शहाण्या,

तुझ्या अकलेचं काय करावं ते मला कळत नाही.

काकांनी वेण्या दोन्ही हातांत घेतल्या आणि माझी गाठ बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "जिवंत माणूस वेणी देतो का कधी? मेलेल्याचीच कापून पाठवतात." सगळा तळ हो म्हणाला. मीही आतून हो म्हणाले असते रे, तुझं वेडेपण ठाऊक नसतं तर. राडिमने पत्र मध्यभागी उभं राहून वाचलं, मोठ्याने. काकू म्हणाल्या, बिचाऱ्याच्या आत्म्याला घोड्याची केवढी काळजी.

आणि ऐक. इतके दिवस आपला देवऋषी जरा का होईना कचरत होता. पुरायला देहच नाही, नुसता घोडा पुरला तर तो कुणाकडे जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला दर आठवड्याला घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा बुधला पोचवत होते, तो कचरत राहावा म्हणून. आता तो म्हणतो, प्रश्न सुटला, पुरायला केवेचा भाग आला. करायला गेलास एक आणि झालं भलतंच. तुझी लाल दोरी देरेशच्या आयाळीत बांधलीय. त्याला वाटतं सण आहे.

आता पुरावा-बिरावा काही पाठवू नकोस. तू स्वतः ये. लंगडत ये, बैलगाडीत ये, साधूच्या पाठीवर बसून ये. बर्फ वितळायच्या आधी ये. नाहीतर तुझं येणं वरातीमागून घोडं होईल.

आणि त्या कडीचं काय? खरं सांग.

नेश्ते


मठ,
यांचे उपवास चालू आहेत, वाटाणेही कमी मिळतात

ताई,

येता येत नाही.

पाय वाकडा जुळलाय. काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. कडी आहे. दोष माझाच. पहिल्याच दिवशी यांच्या मठाधिपतीला मी सांगून बसलो की मी ओपोर सरदाराचा लाडका पुतण्या, माझ्यासाठी काका अख्खा देश पेटवतील. म्हटलं, जरा वजन पडेल. पडलं. आता तो म्हणतो, पुतण्या माझ्याकडे आहे तोवर काका माझा मठ जाळणार नाही, तेव्हा तू राहा बाबा इथेच, जन्मभर राहा. चांगला माणूस आहे, रात्री पायाला स्वतः तेल लावतो आणि मग कडी घालतो.

आज मला विनोद सुचत नाही, म्हणून सरळ सांगतो. आई गेली तो हिवाळा तुला आठवतो ना? तू लग्न होऊन दाजींच्या तळावर होतीस. मी देरेशच्या पोटाला टेकून झोपायचो. तो तेव्हा शिंगरूच होता, पण रात्रभर हलायचा नाही. मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, मला वाढवलं ते त्याने. माझ्यासाठी तो मरतोय, आणि मी इथे जिवंत बसून वाटाणे सोलतोय. हे मला सहन होत नाही.

काहीच झालं नाही तर एवढं कर. लगाम तू धर. दुसऱ्या कुणाला धरू देऊ नकोस. आणि माझी जुनी फरची टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढ. तिला माझा वास आहे.

केवे

बाई, आज त्याने सांगितलं ते सगळंच्या सगळं लिहिलं आहे. — एगिनो


तिसाकाठ,
बर्फाला भेगा पडल्या

केवे,

टोपी-बिपी काही नाही. रडणं थांबव आणि नीट ऐक. मीठवाला आज निघतोय, मी त्याच्यामागून चार दिवसांनी निघेन.

तुम्ही पुरुष फसवी माघार बायकांना शिकवत नाही. पण जन्मभर बघतोय की आम्ही. समोरचा जिथे यायला तयार नाही तिथे त्याला आणायचं असेल, तर त्याला जे हवं आहे ते घेऊन पळायचं. फार लांब नाही पळायचं, त्याला दिसत राहील इतकंच.

काका मठापर्यंत तुला बघायला येणार नाहीत. मी विचारलं. म्हणाले, मेलेल्याला बघायला इतक्या लांब कोण जातं. पण घोड्यासाठी येतील. देरेश नसेल तर खड्डाही व्हायचा नाही आणि जेवणही. तर मी देरेशला घेऊन पळतेय. त्याच्यावर बसणार नाही, तो मोकळाच धावेल. मी दुसऱ्या घोड्यांवर.

ते घोडे कुठले विचारशील. काल दाजींनी त्यांचे सर्वांत वेगवान दोन घोडे आणून आपल्या दाराशी बांधले. म्हणाले, "नेश्ते, हे चोरीला जायला नकोत. लक्ष ठेव." शपथ मोडता येत नाही म्हणून बिचारे एवढंच बोलले, आणि मग खोगिराखाली सुकं मांस ठेवायला विसरले नाहीत. पाठलागातही तेच पुढे असतील. त्यांचा रस्ता फार चुकतो हे काकांना ठाऊक आहे.

आता तुझं काम. तुझ्या त्या मठाधिपतीला सांग, काका खरंच येताहेत, सगळा तळ घेऊन. बाण सोडू नका. फाटक लावून घ्या, पण तुला तटावर उभं करा, जिथून सगळ्यांना दिसशील. उभं राहता येत नसेल तर दोन साधूंनी धरावं. एवढं झालं की पुढचं माझ्याकडे.

घोडामैदान जवळच आहे.

नेश्ते


लेख नदीकाठच्या मठाच्या फाटकाबाहेर,
यांचा ईस्टर झाला, आम्हालाही उकडलेली अंडी दिली

वारो, पोरा,

मी ओपोर. तुझा बाप. पत्र-बित्र मी मानत नाही हे तुला ठाऊक आहे. हे माझं पहिलंच, तेव्हा सांभाळून घे. एगिनो नावाचा साधू लिहितोय. मी त्याला सांगितलंय की एक शब्द गाळलास तर दाढी उपटेन. त्याला दाढी नाही, पण धाक असलेला बरा.

तुला इकडची खबर सांगतो. केवे मेला असं बेशेने शपथेवर सांगितलं, म्हणून मी त्याच्या देरेशला पुरायला काढलं. खड्डा निम्मा झाला आणि सकाळी घोडा गायब. तुझी चुलतबहीण नेश्ते घेऊन पळाली. मी सगळ्यांना घोड्यांवर बसवलं आणि मागे लागलो. दर टेकडीवर ती दिसायची, आणि जवळ गेलो की नाही. रात्री लांबवर शेकोटी पेटायची, अगदी दिसेल अशी. माझा संताप वाढत गेला. बेशे मध्येच रस्ता चुकवायचा, मग पुन्हा ती समोर. डॅन्यूब नदी ओलांडायचा उतार तिने आमच्यासाठी काठ्या रोवून दाखवला होता, आणि मी मूर्ख म्हणालो, बघा, घाईत किती खुणा सोडतेय.

वारो, मी केस पांढरे होईपर्यंत हाच धंदा केला. किती राजांच्या फौजा मी अशा ओढत नेल्या. स्वतः ओढला गेलो तर लेख नदी दिसेपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा मी घोड्यावर बसल्या जागी हसलो. बाकीच्यांना वाटलं म्हातारा खुळावला.

मठाची घंटा वाजत होती. तटावर साधू दगड आणि वाटाण्यांचं उकळतं सूप घेऊन उभे. त्यांच्यात एक मोडकातोडका, भादरल्या डोक्याचा, दोघांनी धरलेला. मी ओळखला नाही. मग तो वरून ओरडला, "काका, याला जव कोणी घातले? पोट सुटलंय."

तो आवाज ऐकून देरेश खिंकाळला. नेश्ते खाली उतरून बाजूला झाली, आम्ही सगळे थांबलो, आणि घोडा एकटाच फाटकापाशी गेला आणि लाथा घालायला लागला. मठाधिपतीने वरून विचारलं, हा काय म्हणतो? एगिनोने सांगितलं, आत यायचं म्हणतो. बराच वेळ कुजबुज झाली आणि फाटक एका घोड्यापुरतं उघडलं. केवेला पायऱ्या उतरता येत नव्हत्या, तर तो बसून बसून उतरला. देरेशने त्याच्या काखेत डोकं खुपसलं, केवेची काठी गेली, आणि दोघं चिखलात. उठेनातच. मी रडलो असं हे सगळे सांगत सुटलेत. प्रवासात धूळ फार होती.

मग मी मठाधिपतीशी बोललो. तो म्हणाला, पुतण्या देतो, मठ राहू दे. म्हटलं, दिला. सोपा माणूस आहे. निरोप घेताना केवेच्या पायाला लावायचं तेल बुधल्यात भरून दिलं, आणि कसं चोळायचं ते नेश्तेला करून दाखवलं. बेशे म्हणतो, मी खोटं बोललो नव्हतो, मला तसं दिसलं. मी म्हटलं, असू दे, मलाही तसंच दिसलं.

रात्री शेकोटीपाशी केवेला विचारलं, लिहिलेलं खरंच पोचतं का रे? म्हणाला, "पोचतं काका. तुम्ही मानत नाही एवढंच." नेश्ते त्याला कोपराने ढोसत होती, पण त्याचं खरंच होतं. तीन पत्रं त्याने पाठवली, आणि तिन्ही वेळा मी त्याला मेलेला ठरवला.

म्हणून हे. एगिनो विचारतो, पाठवायचं कुठे. म्हटलं, मीठवाले डोंगरापलीकडे लोम्बार्डीत जातात ना, त्यांच्याकडे दे. वाटेत दिसेल त्या मठात वाचून दाखवायला सांग. केवेला साधूंनी उचललं, तसं तुलाही कुणी उचललं असेल. तुझ्या भुवईवर लहानपणीचा व्रण आहे आणि तू जेवताना बोलतोस, एवढ्यावरून ओळखतील.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, तोंड नाही. तुझा घोडा गेला. म्हातारपणाने गेला, उन्हात, गवतावर. तुला पोचला नसेल, तो मी पाठवलाच नाही. पण त्याचं एक शिंगरू राखलंय, आता चार वर्षांचं आहे, काळं, कुणाला पाठीवर बसू देत नाही. मी बसू देत नाही.

तू जिवंत असशील तर कळव. मी स्वतः त्याला घेऊन येतो, रस्ता कितीही लांब असो. नसशील तर तेही कुणाकडून तरी कळव, त्या रस्त्यानेही पाठवतो, मग तुला पायी चालावं लागणार नाही. दोन्हीपैकी काहीही चालेल. फक्त लिही. या वेळी मी मानेन.

तुझा बाप,
ओपोर